दोन कुरोशांच्या मधला

मी एकदा अडीच हजार वर्षांपूर्वीचा इराणचा एक राजा खाल्ला. मीठ जरा जास्त होतं.

हे घडलं कॅनडातल्या हॅमिल्टनला, शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात. तेव्हा मी एका पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांसाठी कंट्रोल सॉफ्टवेअर लिहीत होतो, कॉन्ट्रॅक्टवर. बायकोचे दिवस भरत आले होते. इथले लोक ज्याला 'माउंटन' म्हणतात आणि आम्ही नागपूरकरही ज्याला फार तर टेकडी म्हणू, त्यावर आम्ही एक जोडघर भाड्याने घेतलं होतं. मधली भिंत सामायिक, ड्राइव्हवेही सामायिक. पलीकडच्या अर्ध्या घरात एक म्हातारे इराणी गृहस्थ एकटेच राहायचे.

पहिला मोठा बर्फ पडला त्या सकाळी मी आयुष्यात प्रथमच शोव्हल, म्हणजे बर्फ उपसायचं फावडं, हातात घेतलं. नवशिक्याचा उत्साह दांडगा असतो. घाम येईपर्यंत बर्फ उपसला. म्हातारे खिडकीत चहाचा ग्लास घेऊन उभे होते. मी हात केला, त्यांनीही केला. कुणीतरी आपलं कष्टाळूपण बघतंय या आनंदात मी आणखी जोर लावला. सगळं झाल्यावर वळून बघतो तर आमची बाजू लख्ख आणि त्यांच्या गाडीच्या जागी एक सुबक ढिगारा. त्याच्या टोकाला अँटेना दिसत होती.

ते बाहेर आले. ढिगाऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि इंग्रजीत म्हणाले, "काम फार स्वच्छ आहे. चहा घेणार?"

मला वाटलं आत नेऊन झापणार. पण त्यांनी खरोखरच चहा दिला. साखरेचा खडा दातात धरून तो कसा प्यायचा तेही शिकवलं. ते शिराझला शाळेत इतिहास शिकवायचे. पत्नी वारलेली, मुलगी तिकडे फ्रेंच भागात, लव्हालला, आणि नातू फ्रेंच बोलणारा. "ती भाषा मी पुढच्या जन्मी शिकेन," म्हणाले. मी इंजिनियर हे कळल्यावर त्यांनी मला 'मोहंदेस' करून टाकलं, म्हणजे त्यांच्याकडचा इंजिनियरसाहेब. मी त्यांना 'आगा' म्हणायला लागलो. साहेब म्हणण्याची तिकडची पद्धत. त्यांची गाडी मात्र संध्याकाळपर्यंत मीच उकरून काढली.

मग असाच एकदा चहाला गेलो असताना त्यांनी विचारलं, "मुलगा आहे म्हणतोस. नाव काय ठेवणार?"

मी म्हटलं, "अजून ठरलं नाही. पण आमच्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. मला माझ्या आजोबांचंच ठेवलंय."

म्हाताऱ्यांचा चेहरा असा उजळला, जणू कितीतरी वर्षांनी वर्गात कुणीतरी बरोबर उत्तर दिलंय. "आमच्या पहिल्या राजांसारखं!" असं म्हणून त्यांनी पिस्त्यांची वाटी ओढली आणि टेबलावर एकामागे एक पिस्ते मांडायला सुरुवात केली.

"हा चिशपिश, अनशानचा राजा. हा त्याचा मुलगा कुरोश. हा त्याचा मुलगा कंबुजिये. आणि हा त्याचा मुलगा पुन्हा कुरोश, ज्याला सगळं जग सायरस म्हणून ओळखतं. त्यानेच भाजक्या मातीवर लिहून ठेवलंय, मी कुणाचा मुलगा, कुणाचा नातू, कुणाचा पणतू. आणि त्याचा मुलगा? पुन्हा कंबुजिये." मग त्यांनी एक खजूर घेऊन रांगेच्या वर, जरा लांब ठेवला. "हा हखामनिश. घराण्याला याचं नाव आहे. पण हा खरंच होता की मागाहून आलेल्यांनी आपल्या सोयीनं वर बसवला, सांगता येत नाही. म्हणून खजूर."

मी तल्लीन होऊन ऐकत होतो. तल्लीन झालो की माझा हात माझ्या ताब्यात नसतो.

आगा बोलायचे थांबले. "मोहंदेस," ते म्हणाले, "तू कंबुजिये खाल्लास."

"कुठला?"

"पहिला. दोन कुरोशांच्या मधला."

मी घाईघाईने वाटीतला दुसरा पिस्ता त्याच्या जागी ठेवायला गेलो. त्यांनी हात धरला. "राहू दे. आम्हा इतिहासवाल्यांनीही त्याचं तेच केलंय. त्या बिचाऱ्याबद्दल फारसं काही माहीत नाही. एकाचा मुलगा आणि दुसऱ्याचा बाप, एवढंच त्याचं काम."

हसत हसत घरी आलो. दारात बूट काढताना एकदम वाटलं, अरे, तो मधला म्हणजे मीच की. आणि त्याच क्षणी डोक्यात ती कल्पना आली. माझ्या कल्पना बूट काढतानाच येतात. त्या वेळी एका पायावर उभं राहायचं असल्यामुळे मेंदूला रक्त कमी पडत असावं.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा नागपूरच्या जिल्हा कोर्टात बेंच क्लार्क म्हणून रिटायर झाले. त्या दिवाळीच्या आधी त्यांच्या छातीत दुखलं, अँजिओग्राफी झाली, तीन ब्लॉकेज निघाले. डॉक्टर म्हणाले, बायपास करा, वेळ घालवू नका. बाबा म्हणाले, दिवाळी होऊ द्या. दिवाळी झाल्यावर म्हणाले, थंडी जाऊ द्या. मी दर रविवारी फोनवर ओरडायचो आणि ते शांतपणे फोन आईकडे द्यायचे.

"मी येऊ का तिकडे?" असं एकदा विचारलं.

"काहून? येऊन काय करशील? तुझ्या कॉम्प्युटरनं छाती उघडशील का? तिकडे बायकोकडे लक्ष दे."

बायकोचा महिना पाहता ते खरंही होतं. कसंबसं, आईने डोळ्यांत पाणी आणल्यावर, त्यांनी संक्रांतीनंतरची तारीख घेतली. पण ते ती पाळतील यावर कुणाचाच विश्वास नव्हता. तेव्हा माझी कल्पना अशी, की नातवाला त्यांचंच नाव ठेवायचं. म्हणजे त्यांना वाटेल, आपल्या नावाचा एक जण तिकडे रांगायला लागेल, त्याला बघायला जायचं तर आधी छाती दुरुस्त केली पाहिजे. पहिला कुरोश, मधला मी, दुसरा कुरोश.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "नाव जुनं आहे, पण बाबांचं आहे. ठेवू या." पुण्याची मुलगी एका वाक्यात हो म्हणते म्हणजे काहीतरी चुकतंय, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण तिच्या माहेरी नावं अशी फिरून येत नाहीत, तिला बिचारीला काय माहीत?

मुलगा झाला. सिझेरियन झालं, पण दोघंही ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून मी नागपूरला फोन लावला.

"बाबा, नाव ठरलं."

"अरे वा. काय ठरलं?"

"तुमचं."

"माझं काय ठरलं?"

"नाव हो. तुमचंच नाव ठेवणार त्याला."

मला वाटलं लाईन गेली. हॅलो हॅलो करत मी खिडकीपाशी गेलो. मग बाबांचा आवाज आला, अगदी सावकाश. "आईला देतो."

आई फोनवर आली ती कुजबुजतच. "अरे, वेड लागलंय का तुला? जित्या माणसाचं नाव ठेवतात का रे घरात?"

"पण मला आजोबांचं..."

"ते जाऊन वर्ष झालं होतं तेव्हा! ह्यांना ह्यांच्या आजोबांचं ठेवलं, तेही ते गेल्यावरच. माणूस गेला की त्याचं नाव घरात परत आणतात. असताना नाही आणत." तिने श्वास घेतला. "आणि मी त्या पोराला हाक कशी मारू? उठता बसता ह्यांचं नाव घेऊ?"

मी इंजिनियर माणूस. एक आड एक पिढी नाव परत येतं, हा नियम मला स्पष्ट दिसला होता. प्रत्येक वेळी मध्ये एक मरण असतं, ते दिसलं नव्हतं.

त्यानंतर बाबा फोनवर येईनात. पुढच्या रविवारी आईने सांगितलं, त्यांनी हॉस्पिटलची तारीख रद्द केली.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, नवा आला, आता जुन्याची दुरुस्ती कशाला?"

ते विनोदाने म्हणाले असतील, असं मी म्हटलं. आई म्हणाली, विनोदानंच म्हणाले, म्हणूनच मला भीती वाटून राहिली.

शिवाय त्यांच्यातल्या बेंच क्लार्कने आणखी एक गोष्ट हेरली होती. माझं नाव आजोबांचं, म्हणजे बाबांच्या वडिलांचं. आता मुलाला बाबांचं नाव ठेवलं, की मधल्या नावासकट, आडनावासकट त्याचं पूर्ण नाव हुबेहूब त्यांचंच होणार होतं. "कोर्टात एका नावाची दोन माणसं आली," ते आईला म्हणाले होते, "की एकाच्या मागे 'मयत' लावावं लागते. नाहीतर समन्स कोणाला बजावायचं?"

मग ते घर आवरायला लागले. कुठल्या किल्लीनं कोणतं कपाट उघडतं, मोटर कधी बंद करायची, गॅसवाल्याला कुठे फोन करायचा, हे सगळं आईला शिकवायला लागले. एक दिवस टाकीचा व्हॉल्व्ह दाखवायला तिला गच्चीवर घेऊन निघाले आणि अर्ध्या जिन्यात बसले. आई सांगत होती, "मी म्हटलं, चला खाली. तर म्हणाले, थांब, इथूनच सांगतो, निळा नळ डावीकडे."

तो निळा नळ माझ्या डोक्यातून जाईना. कारखान्यात स्क्रीनवर व्हॉल्व्हची चित्रं असायची, उघडा असला की हिरवा, बंद असला की लाल. मी त्यांच्याकडे बघत बसायचो आणि मला तो अर्धा जिना दिसायचा.

शेवटी मी आगांकडे गेलो. सगळं सांगितलं आणि विचारलं, "नातवाला कुरोश नाव ठेवलं तेव्हा म्हातारा कुरोश जिवंत होता ना?"

"माहीत नाही."

"पण असेल ना?"

"असेल. नसेल. आपल्याकडे नावं आहेत, त्या दिवशी घरात कोण कोण बसलं होतं ते नाही."

"आगा, तुम्ही नुसतं 'बहुतेक होता' म्हणा. माझे वडील कोर्टातले आहेत, तज्ज्ञाची साक्ष ते मानतात."

त्यांनी चहा ओतला. "मोहंदेस, मी आयुष्यभर पोरांना एकच गोष्ट शिकवली. जिथे माहीत नाही तिथे माहीत नाही लिहा, मार्क मिळतील."

"आगा, माझ्या बापाचा जीव अडकलाय त्यात."

त्यांनी साखरेची वाटी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "बारशाला येईन. त्यांनी विचारलं तर बोलेन."

मी याचा अर्थ 'हो' असा घेतला. आणि त्या भरात आईला फोन करून सांगून टाकलं, की इराणच्या राजांमध्ये आजोबा जिवंत असतानाच नाव ठेवायचे, एवढंच नाही तर म्हाताऱ्या कुरोशने नातवाला स्वतः मांडीवर घेऊन आपलं नाव दिलं, आणि हे सांगायला बारशाला खुद्द तिकडचे प्रोफेसर येणार आहेत. शाळेतल्या मास्तरांना मी फोनवरच बढती देऊन टाकली.

बारसं बाराव्या दिवशी नाही, टाके सुकल्यावर एका रविवारी सकाळी केलं. बाळंतपणाला सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. घुगऱ्या, ओटी, कुंची, सगळं त्यांनी बॅगेतून आणलं होतं. फक्त पाळणा आणता आला नव्हता. तो जवळच मिसिसागाला राहणाऱ्या मित्राने दिला. बॅटरीवर झुलायचा आणि मध्येच इंग्रजी अंगाईगीत वाजवायचा. त्याच मित्राची बायको आत्या होणार होती. डायनिंग टेबलावर मी लॅपटॉप ठेवला आणि स्काइप लावलं.

बाबा आले. विहीणबाईंसमोर बारशाला आजोबा नाही असं दिसायला नको, म्हणून आले असतील. स्वेटर, मफलर, आणि स्क्रीनवर चौकोन चौकोन झालेला चेहरा. गालफडं बसली होती. की ते चौकोनांमुळे, मला ठरवता येईना.

"बाबा, हे प्रोफेसर."

बाबा ताठ बसले. त्यांनी आपलं ठेवणीतलं कोर्टातलं इंग्रजी काढलं. "माझा मुलगा म्हणतो, म्हाताऱ्या राजाने नातवाला मांडीवर घेऊन नाव दिलं. याला पुरावा आहे का?"

आगांनी माझ्याकडे पाहिलं. मी भुवयांनी जमेल तेवढी विनंती केली.

"नाही साहेब," आगा म्हणाले. "मांडी तुमच्या मुलाची आहे."

खोलीतले सगळे हसले. बाबा हसले नाहीत, पण मराठीत म्हणाले, "मला ठाऊकच होतं. लहानपणापासून साक्ष सजवून आणते हा." मग परत इंग्रजीत, "पण तो राजा जिवंत होता का?"

"ते माहीत नाही."

"मग माहीत काय आहे?"

आगांना बिचाऱ्यांना वाटलं असावं, पाहुण्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं. ते म्हणाले, "त्या नातवाच्या आईच्या वडिलांची गोष्ट मात्र सांगतात. ती खरी असेल असं नाही, पण फार जुनी आहे. तो शेजारच्या देशाचा राजा होता. त्याला स्वप्न पडलं, की मुलीचा मुलगा आपलं राज्य घेणार. म्हणून त्याने हुकूम दिला, बाळ जन्मल्याबरोबर मारून टाका."

सासूबाई बाळाला घेऊन टेबलाशेजारीच उभ्या होत्या. पाळण्याने तेवढ्यात अंगाईगीत सुरू केलं.

"विहीणबाई," लॅपटॉपमधून आवाज आला, "ऐकलं का? आईकडचे आजोबा!"

सासूबाईंनी बाळाची कुंची सारखी केली. "ऐकलं हो. आमचे हे रोज दुपारी झोपतात, पण स्वप्नं पडण्याइतका वेळ मी देत नाही. तुम्ही काळजी करू नका."

आणि बाबा हसले. कितीतरी आठवड्यांनी मी त्यांना हसताना ऐकत होतो. मान मागे टाकून, खोऽ खोऽ करत, कोर्टातले सगळे क्लार्क चहाला बसल्यासारखे. मला वाटलं, जमलं! आणि तेवढ्यात ते हसणं मध्येच तुटलं. हात छातीवर गेला. डोळे मिटले. चौकोनांच्या कडेने आईचा हात पाण्याचा पेला घेऊन आला. तेवढ्यात पडदा गोठला, आणि ते मिटलेले डोळे आणि तो पेला किती तरी वेळ तसेच राहिले.

चित्र परत हललं तेव्हा बाबा पाणी पिऊन पेला खाली ठेवत होते.

"ऐक," ते मला म्हणाले. "पोराचं नाव आत्ता ठेवू नको. मी ऑपरेशन करून घेतो. उठलो, तर त्याला दुसरं नाव ठेव, चांगलं, नवीन काहीतरी. नाही उठलो, तर माझं ठेव. मग मयत लावायची कटकट नाही."

"अहो, काहीही काय बोलून राहिले!" आईचा आवाज.

"माझं बोलणं झालं. निकाल राखून ठेवलाय," बाबा म्हणाले आणि पडदा काळा झाला.

आत्या पाळण्याजवळ उभी होती. वाकून तिने बाळाच्या कानात कुर्रर केलं आणि तशीच थांबली. मागच्या बायकांनी तिच्या पाठीत गुद्दे मारायला हात उगारलेले.

"आता काय सांगू?" तिने विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, "थांब म्हणावं."

तिने बाळाच्या कानात 'थांब' असं सांगितलं. मग रिवाजाप्रमाणे पाठीत गुद्दे बसले, पण हळू. घुगऱ्या वाटल्या. मिसिसागाच्या मित्राच्या मुलीने विचारलं, "सो व्हॉट्स हिज नेम?" तिची आई म्हणाली, "दे आर वेटिंग." "फॉर व्हॉट?" त्यावर सगळेच घुगऱ्या खायला लागले.

जाताना आगा बूट घालत म्हणाले, "मी तुझं काम बिघडवलं."

बिघडवलं की केलं, हे मलाच कळत नव्हतं. ऑपरेशन होणार होतं, हे खरं. पण मी ज्या नावासाठी एवढी खटपट केली होती ते आता घरातली सगळ्यात भीतीची वस्तू झालं होतं. बाळाला आम्ही बाळ म्हणायचो, सोन्या म्हणायचो, सासूबाई गुंड्या म्हणायच्या. एकदा तो शिंकला, आणि बायकोच्या तोंडून सहज बाबांचं नाव गेलं, गरोदरपणात तेच घोकलं होतं ना. मग तिने जाऊन देवापुढे दिवा लावला. दुपारचे अडीच वाजले होते. देव आमचे मायक्रोवेव्हच्या वर होते.

दुसरं नाव शोधायचं, तर तेही होईना. एखादं नाव आवडलं की वाटायचं, हे ठरवून टाकलं म्हणजे बाबा उठणार असं आपण धरूनच चाललोय, दृष्ट लागेल. नाही शोधलं तर वाटायचं, म्हणजे आपण दुसरी तयारी ठेवलीय. भट्टीचं सॉफ्टवेअर लिहिताना मी 'हे झालं नाही तर ते' अशा ओळी दिवसभर लिहायचो. तसली एक ओळ आता घरात दुपट्यात गुंडाळून झोपलेली असायची.

एकदा आगा बाळाला बघायला आले. त्याच्या मुठीत आपलं बोट देऊन म्हणाले, "माझ्या नातवाचं नाव त्याच्या बापाने एका हॉकीवाल्यावरून ठेवलंय. मला नीट उच्चारताही येत नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "कुणी माझं ठेवलं असतं ना, मी आहे तोवरच, तर मला चाललं असतं. निदान ऐकू तरी आलं असतं."

"आगा, हे तुम्ही त्या दिवशी स्काइपवर सांगायला हवं होतं."

"त्यांनी विचारलं नाही."

ऑपरेशनच्या दिवशी बाबांची केस दुपारची होती. म्हणजे आमच्या पहाटे त्यांना आत नेलं, आणि आमच्या सकाळी कधीतरी बाहेर काढणार होते. रात्रभर बर्फ पडला होता. सकाळी मी घरात या खोलीतून त्या खोलीत जात होतो. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही बाहेर जा. तुम्हाला बघून बाळ घाबरतंय."

बाहेर जाऊन मी शोव्हल करायला लागलो. जॅकेटच्या खिशात फोन. आगाही बाहेर आले. त्यांनी पलीकडच्या टोकापासून सुरुवात केली. मी बर्फ कुठे टाकतोय त्याकडे माझं लक्ष नव्हतं. आगांच्या गाडीचा पुन्हा ढिगारा होत होता. त्यांचं लक्ष होतं, पण ते बोलले नाहीत.

फोन वाजला.

जाड हातमोज्यांनी मी तो खिशातून काढला, बटण दाबलं आणि कानाला लावायला गेलो, तोच तो साबणासारखा निसटला. मी स्वतः रचलेल्या ढिगाऱ्यात कुठेतरी गेला. मी फावडं मारायला उचललं तसे आगा ओरडले, "नाही! नाही! फुटेल!" मग आम्ही दोघं, एक इंजिनियर आणि एक निवृत्त मास्तर, गुडघ्यांवर बसून हातांनी बर्फ उकरायला लागलो. आतून कुठून तरी आईचा आवाज येत होता, हॅलो, हॅलो. ती रडतेय की नुसतीच ओरडतेय ते कळत नव्हतं. मग तोही थांबला.

आगांना फोन सापडला. त्यांनी तो आपल्या कोटाला पुसला आणि माझ्या हातात दिला. मला नंबर लावता येईना, बोटं बधिर झाली होती. दोनदा चुकीचा लागला. तिसऱ्यांदा लावणार तोच तो पुन्हा वाजला.

"आई?"

"कुठं गेला होता रे? मी ओरडून राहिले तिकडे!"

"आई, काय झालं?"

मागे हॉस्पिटलच्या स्ट्रेचरची चाकं वाजत होती, कुणीतरी कुणाला तरी बाजूला व्हा म्हणत होतं. मी बर्फात गुडघे टेकून तसाच बसलो होतो. मग आईने नाक ओढलं आणि म्हणाली,

"दुसरं नाव शोध."

फोन बंद झाल्यावरही मी तो कानाला तसाच धरून होतो. आगा समोर बसलेले, भुवयांवर बर्फ, तोंड अर्धवट उघडं. त्यांना मराठीतलं एक अक्षर कळलं नव्हतं आणि विचारायची हिंमत होत नव्हती.

"आगा," मी म्हटलं, "एखादं नाव सुचवा."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी माझा खांदा एवढ्या जोरात धरला, की दोन दिवस दुखत होता. त्याला धरूनच ते उठले, गुडघ्यांवरचा बर्फ झटकला, आपल्या पुरलेल्या गाडीकडे एकदा बघितलं, आणि विचार करून म्हणाले,

"चिशपिश?"